हलली नाही म्हणून

गेल्या मंगळवारी संध्याकाळी मी एका वर्मला, लॅबमधल्या एका बारीक कृमीला, मेली म्हणून लिहिलं आणि ती मेलेली नव्हती. गोष्ट खरं तर एवढीच आहे. एक मिलिमीटर लांबीचा जीव, आगरच्या प्लेटवर पडलेला, वय एकवीस दिवस. माझी विद्यार्थिनी सुट्टीवर होती म्हणून तिच्या प्लेट्स, वर्म्स किती दिवस जगतात ते मोजायच्या, मी बघत होते, किती महिन्यांनी स्वतः मायक्रोस्कोपला बसले होते आणि खूप बरं वाटत होतं, तो खोलीतला अंधार, भिंगाखालचा उजेडाचा गोल, झाकण उचललं की येणारा आंबूस ओलसर वास, फोकसच्या चाकावर बोटं आपोआप जातात तसं सगळं. तारेने तिच्या डोक्याला स्पर्श केला, मग शेपटीला, मग परत डोक्याला. काही नाही. वहीत एकवीसच्या रकान्यात एक उभी रेघ ओढली. नियम असा की मेलेली वर्म तिथल्या तिथे उचलायची आणि तार ज्योतीत धरायची, म्हणजे पुढच्या वेळी तीच परत मोजली जात नाही. पण नेमकं तेव्हाच कोणीतरी दार उघडून काहीतरी विचारलं, मी उठले, आणि परत आल्यावर सरळ पुढची प्लेट घेतली. ती तिथेच राहिली. बुधवारी सकाळी झाकण उघडलं तर ती होती त्या जागी नव्हती. थोडीशी सरकली होती आणि मागे बॅक्टेरियाच्या थरात एक पुसट चर पडला होता.

रात्रभरात अर्धा मिलिमीटर.

एका वर्मने आणि एका दिवसाने निकाल बदलत नाही, प्रत्येक स्ट्रेनच्या, म्हणजे वाणाच्या, शंभर-शंभर असतात, प्रयोग तीनदा करतो, मीडियन, म्हणजे मधला आकडा, जागचा हलत नाही, हे मला माहितीये आणि हेच मी विद्यार्थ्यांना सांगत आलेय. मनाला लागून राहिलं ते दुसरंच. त्या संध्याकाळी दार उघडलं नसतं तर ती ज्योतीत गेली असती. आणि या तेवीस वर्षांत बहुतेक वेळा कोणी दार उघडलेलं नाही.

पुस्तकात यांना सूत्रकृमी म्हणतात, पण लॅबमध्ये सगळे वर्मच म्हणतात, आणि मी तिला ती म्हणते कारण यातल्या जवळजवळ सगळ्या अंडी घालतात. मराठीतलं वर्म मात्र वेगळं, शरीरातली ती जागा जिथे घाव बसला की जीव जातो, किंवा मनातली, जिथे बोट ठेवलं की माणूस गप्प होतो. पीएचडीच्या पहिल्या महिन्यात मला हा योगायोग इतका आवडला होता की वहीच्या पहिल्या पानावर मी दोन्ही अर्थ लिहून ठेवले होते. आयुष्य मोजायचा प्रयोग अगदी साधा आहे, एकाच वेळी अंड्यातून निघालेल्या वर्म्स, २० अंश तापमान, सगळ्यांना खायला तेच बॅक्टेरिया, आणि एक-दोन दिवसांनी प्लेट काढून एकेकीला विचारायचं, आहेस का. विचारायचं म्हणजे हात लावायचा. हलली तर आहे, नाही हलली तर नाही. वहीत तिसरा एक रकाना असतो, सेन्सर्ड, म्हणजे प्लेटच्या कडेवर चढून वाळून गेलेल्या, किंवा अशाच कुठेतरी हरवलेल्या. त्याचा अर्थ इतकाच की या दिवसापर्यंत ही जिवंत होती हे आम्ही बघितलंय, पुढचं माहीत नाही. आकडेशास्त्रातला हा मला सगळ्यात प्रामाणिक शब्द वाटतो, आणि आम्ही तो इतका कमी वापरतो.

माझं पहिलं उपकरण म्हणजे माझ्याच भुवईचा केस. सरांनी पहिल्या दिवशी टूथपिकच्या टोकाला गोंदाने केस कसा चिकटवायचा ते दाखवलं आणि म्हणाले, डोक्याचा केस जाड असतो, भुवईचाच घे, टोकाला निमुळता असतो. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या शेवटी केंब्रिजमध्ये रुळली. मार्टिन चाल्फी आणि जॉन सल्स्टन तिथे अशाच केसाने हजारो वर्म्सना हळूच स्पर्श करून ज्यांना तो कळत नाही अशा म्युटंट, म्हणजे जीन बदललेल्या वर्म्स, शोधत होते. वर्मच्या अख्ख्या शरीरात ३०२ न्यूरॉन, म्हणजे मज्जापेशी, आणि हलका स्पर्श कळतो तो त्यातल्या फक्त सहा न्यूरॉनमुळे. (मंगळवारी मी वापरली ती प्लॅटिनमची तार, तिचा दणका दुसरे न्यूरॉन ओळखतात, तो वेगळा विषय.) त्या दुपारी सरांच्या शेजारी बसून मी पहिल्यांदा केसाने एकीच्या मानेपाशी अगदी निसटता स्पर्श केला आणि ती तटकन थांबून मागे गेली. इतका छोटा जीव आणि इतकं स्पष्ट उत्तर. वर्म चालते तेव्हा मागे नागमोडी रेघ राहते, सगळ्या प्लेटभर, हात न उचलता लिहिलेल्या मोडीसारखी, आणि तिथे मी केस लावला त्या जागी त्या लिखाणात एक माघारीचं वळण पडलं होतं. मी प्लेट परत परत बघत होते. सर म्हणाले, आता घरी जा, ती उद्या पण असेल.

खरं तर मला नुसत्या न्यूरॉनवर काम करायचं होतं, म्हातारपणाशी काही देणंघेणं नव्हतं. म्हातारपणाचं संशोधन तेव्हा दोरीवरच्या कसरतीसारखं वाटायचं, १९९३ मध्ये सिंथिया केन्यन यांनी दाखवलं होतं की डॅफ-२ नावाचं एक जीन बिघडवलं की वर्म दुप्पट जगते, सगळीकडे त्याचीच चर्चा, आणि मला आयुष्य लांबवण्यात फारसा रस नव्हता. मला या क्षेत्रात ओढलं ते मोनिका ड्रिस्कॉल यांच्या कामाने. चाल्फींच्या लॅबमध्ये असताना त्यांनी १९९१ मध्ये मेक-४ वर पेपर लिहिला होता. हे जीन स्पर्शाच्या न्यूरॉनमधल्या एका चॅनेलचं, पेशीच्या आवरणातल्या दाराचं म्हणूया, आणि त्यात विशिष्ट बिघाड झाला की चॅनेल मिटतच नाही, पेशी फुगत जाते आणि मरते. पुढे स्वतःच्या लॅबमध्ये त्यांनी तोच स्पर्श, तेच न्यूरॉन म्हाताऱ्या वर्म्समध्ये बघायला सुरुवात केली. एकाच सहा पेशींना धरून कोणीतरी तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत जातं, प्रश्न बदलत राहतात पण पेशी त्याच, हे मला फार भावलं. संशोधकाचं आयुष्य असंही असू शकतं हे तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं.

२००२ मध्ये, मी पीएचडीला लागले त्याच वर्षी, त्यांच्या लॅबचा तो पेपर आला. म्हाताऱ्या वर्म्सचे स्नायू आतून उसवलेले होते, तंतू विस्कटलेले, जागोजागी पातळ झालेले. आणि न्यूरॉन? हिरव्या रंगात चमकणारे, सरळ, जवळपास तरुण वर्मसारखेच. मी तो फोटो प्रिंट करून टेबलासमोर लावला होता. त्याच पेपरात वर्म्सची वर्गवारी होती, अ, ब आणि क म्हणूया. अ वर्गातली आपण होऊन फिरते, मागे नीट नागमोडी रेघ सोडते. ब वर्गातली हात लावल्याशिवाय हलत नाही आणि हलली तर रेघ वेडीवाकडी. क वर्गातली जागची हलतच नाही, हात लावला तर फक्त डोकं किंवा शेपटीचं टोक जरासं थरथरतं. गंमत अशी की कोण किती दिवस जगणार हे वयापेक्षा या वर्गावरून जास्त चांगलं कळतं. एकच जीन्स, एकच खाणं, एकच तापमान, एकाच प्लेटवर, आणि दहाव्या-अकराव्या दिवशी एखादी क मध्ये पोचलेली असते तर तिच्याच बहिणी प्लेटभर लिहीत हिंडत असतात. हे का होतं याचं पूर्ण उत्तर अजून नाही. योगायोग हा शब्द तिथे वापरावा लागतो आणि प्रत्येक वेळी वापरताना मला अपुरं वाटतं.

माझा सगळा थीसिस त्या फोटोवर उभा होता. नसा शाबूत, स्नायू ढासळलेले. मला ही कल्पना नुसती पटलेली नव्हती, आवडलेली होती, आणि हा फरक कळायला मला फार वर्षं लागली. म्हणजे आत सगळं ठीक आहे, ऐकू येतंय, कळतंय, फक्त शरीर साथ देत नाही, असं काहीतरी त्यात दिलासा देणारं होतं. पोस्टडॉकला मी म्हाताऱ्या वर्म्सच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून नसांकडून येणारे सिग्नल मोजायचे. वर्मला काचेवर सुपरग्लूने चिकटवायचं, बारीक सुईने कातडी उघडायची, श्वास रोखून, दिवसाला चार-पाच जमल्या तर नशीब. पंधरा दिवसांच्या वर्म्समध्ये सिग्नल कमी यायचे. तुरळक. मी काय करायचे, तर प्रेप, म्हणजे कापून तयार केलेली वर्म, बिघडलं असं वहीत लिहून ती रेकॉर्डिंग बाजूला टाकायचे. इलेक्ट्रोड नीट बसला नसणार, कापताना नस दुखावली असणार. असं किती वेळा लिहिलं ते मी नंतर मोजलं, एकतीस वेळा. मग २०११ च्या आसपास आधी ड्रिस्कॉल आणि केन्यन दोघींच्याही लॅबमधून पेपर आले की म्हाताऱ्या वर्म्सच्या स्पर्श-न्यूरॉनना नको तिथे नवीन फांद्या फुटतात, म्हणजे तो सरळ हिरवा धागा इतका सरळ नव्हता. आणि २०१३ मध्ये शॉन झू यांच्या गटाने दाखवलं की आधी ढेपाळतात त्या हालचालीच्या नसाच, त्यांच्याकडून स्नायूंपर्यंत निरोप पोचेनासे होतात, आणि स्नायू तोवर बरेच धडधाकट असतात. त्यांनी म्हाताऱ्या वर्म्सना अरेकोलिन दिलं, सुपारीत असतं ते, स्नायूंना थेट चेतवणारं, आणि त्या जास्त हलायला लागल्या. स्नायू तयारच होते. त्यांना कोणी सांगतच नव्हतं.

तो पेपर मी संध्याकाळी वाचला आणि जुन्या वह्या काढल्या. एकतीस वर्म्सनी मला हेच सांगितलं होतं.

कोणी माझ्या आधी छापलं याचं दुःख होतंच, खोटं कशाला बोलू, नोकरी शोधायचे दिवस होते आणि तो पेपर माझा असता तर बरंच काही सोपं गेलं असतं. पण त्याहून जास्त एक विचित्र लाज वाटत होती, एखाद्याने आपल्याला काहीतरी पुन्हा पुन्हा सांगावं आणि आपण दर वेळी हूं म्हणून दुसरीकडे बघावं तशी. फोटो अजून टेबलासमोर होता. तो चुकीचा नव्हता. रचना टिकून होती हे खरं, काम मंदावलं होतं हेही खरं, आणि मला त्यातलं फक्त पहिलं हवं होतं.

इथे मला बाबांबद्दल लिहावं लागेल, टाळत होते.

बाबांना पार्किन्सन्स आहे, सहा वर्षं झाली. मेंदूच्या तळाशी सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा असतो, तिथल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी जातात. वर्मला असे डोपामिनचे न्यूरॉन मोजून आठ असतात, मी त्यांच्यावर दोन विद्यार्थ्यांना पीएचडी दिलीये, आणि बाबांच्या अक्षरातला बदल मात्र आमच्यापैकी कोणाच्या लक्षात येण्याआधी दीड-दोन वर्षं होत होता. बाबांचं अक्षर मोठं, वेलांट्या ऐटबाज, शिरोरेघ पट्टीने मारल्यासारखी. ते हळूहळू बारीक होत गेलं. ओळीच्या सुरुवातीला बरं असायचं आणि उजवीकडे जाता जाता मुंग्यांएवढं व्हायचं. याला मायक्रोग्राफिया म्हणतात, परीक्षेत विचारतात. मी त्यांना म्हटलं होतं, बाबा, कागद वाचवताय का. मग चेहरा. हसू यायला वेळ लागायला लागला, मग हसू आत कुठेतरी व्हायचं आणि बाहेर पोचायचं नाही. डोळ्यांची उघडझाप कमी झाली. आवाज खाली गेला. आलेली माणसं पहिली पाच मिनिटं त्यांच्याशी बोलतात आणि मग आपोआप माझ्याकडे वळतात, आणि मी पण वळू देते.

मागच्या वर्षी बँकेत त्यांची सही जुळत नव्हती. जुळणारच नव्हती. काउंटरपलीकडच्या व्यक्तीने खात्री करायला म्हणून विचारलं, खातं साधारण कधी उघडलंय आजोबा? आणि दोन सेकंद बाबांकडे बघून माझ्याकडे बघितलं, हळू आवाजात, यांना समजतं ना? मी म्हटलं, आता तितकंसं नाही आठवत त्यांना. ते वाक्य मी किती सहज बोलले. आवाजही खाली केला नव्हता. मग फॉर्म, ओळखपत्रं, झेरॉक्स, सगळं मी केलं, बाबांनी अंगठा दिला, आम्ही हळूहळू पायऱ्या उतरलो, मी त्यांचे पाय एकेक करून गाडीत घेतले, पट्टा लावला, आणि निघाल्यावर दुसऱ्या सिग्नलला बाबा म्हणाले, एकोणऐंशी. मला कळलंच नाही. मी म्हटलं, काय बाबा? थोडा वेळ काही नाही. मग म्हणाले, जून.

मी गाडी चालवत राहिले. काय बोलणार होते.

बाबा आतून जसेच्या तसे आहेत असं मला म्हणायचं नाहीये. तीच माझी जुनी चूक झाली असती, तो हिरवा सरळ धागा. त्यांचे विचारही मंदावलेत, नुसता आवाज नाही, काही गोष्टी खरंच निसटल्यात, औषधांच्या वेळा ते पूर्वी पाठ सांगायचे आणि आता नाही सांगू शकत. पण मंद होणं आणि नसणं यात अंतर आहे आणि मी ते अंतर दोन सेकंदांत मिटवून टाकलं. साठी बुद्धी नाठी असं लोक म्हणतात तेव्हा मला पूर्वी राग यायचा आणि मी आकडे सांगायला सुरुवात करायचे. म्हातारपणी मेंदूतल्या पेशी भराभर मरतात असा समज कितीतरी दशकं होता, चुकीच्या मोजणीमुळे. मेंदू म्हातारपणी आणि कापण्याआधीच्या प्रक्रियेत किती आकसतो याचा हिशेब धरला जात नव्हता. मग मोजायच्या पद्धती सुधारल्या, आणि १९९७ मध्ये बेंटे पाकेनबर्ग आणि हान्स गुंडरसन यांनी डेन्मार्कमध्ये जवळपास शंभर माणसांच्या मेंदूंतल्या पेशी मोजल्या तर वीस ते नव्वद या वयात निओकॉर्टेक्समधल्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या, पेशींच्या संख्येतला फरक निघाला सुमारे १० टक्के. दहा. सत्तर वर्षांत. हे मी भाषणांत सांगते, लोकांना बरं वाटतं. बँकेच्या काउंटरवर मला यातलं काहीही आठवलं नाही.

एक जुना पेपर मला अधूनमधून अस्वस्थ करतो, १९९९ चा, केन्यन यांच्याच लॅबमधला. ज्या वर्म्सची वास-चव ओळखणारी टोकं बिघडलेली असतात, म्हणजे ज्यांना बाहेरचं जग कमी कळतं, त्या जास्त जगतात. आणि अलीकडे, २०१९ मध्ये, ब्रूस यँकनर यांच्या गटाने असं दाखवलं की मज्जासंस्थेतली उत्तेजना कमी केली तर वर्मचं आयुष्य वाढतं, आणि फार वयापर्यंत जगलेल्या माणसांच्या मेंदूतही उत्तेजनेशी संबंधित जीन्स शांत झालेली दिसतात. एवढ्यावरून गप्प माणसं जास्त जगतात असा निष्कर्ष कोणी काढू नये, तसा तो नाही. पण म्हाताऱ्या मज्जासंस्थेत जी शांतता असते ती सगळीच पडझड असेल असं मी आता धरून चालत नाही. तिथे काही सांभाळणंही चालू असेल. स्पर्शाच्या त्याच सहा न्यूरॉनमध्ये ड्रिस्कॉल यांच्या लॅबला २०१७ मध्ये दिसलं की पेशी आतला साठलेला कचरा, बिघडलेली प्रोटीन्स, मायटोकॉन्ड्रिया, एका फुग्यात भरून चक्क बाहेर ढकलते, फुगा कधी कधी पेशीच्या गोळ्याएवढा होतो. एक्सोफर म्हणतात त्याला. मी पहिल्यांदा आमच्या मायक्रोस्कोपखाली तो बघितला तेव्हा मला वाटलं ही पेशी मरतेय. ती आवराआवर करत होती.

तर बुधवारी सकाळी ती सरकलेली वर्म बघून मी आधी ही सगळी जुळवाजुळव केलीच नाही. मी फक्त खुर्चीत बसून राहिले. मग मला एक वेगळाच प्रश्न पडला जो तेवीस वर्षांत पडला नव्हता, की मी हात लावल्यावर थांबते किती? प्रोटोकॉलमध्ये लिहिलंय, हळू स्पर्श करावा, प्रतिसाद नसल्यास मृत समजावे. स्पर्श आणि समजावे यांच्या मधे काहीच लिहिलेलं नाही. मी फोनचं घड्याळ लावून स्वतःला मोजलं. दोन सेकंद. थकले असेन तर त्याहून कमी. बँकेतल्या त्या व्यक्तीइतकेच.

मरण हा एक क्षण असतो हेही आम्ही वहीच्या सोयीसाठी मानलेलं आहे. २०१३ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड जेम्स यांच्या गटाने वर्म्सना मरताना अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात सलग बघितलं, तर आतड्यातून निळ्या प्रकाशाची एक लाट जाते, पेशीमागून पेशी, पुढून मागे, कॅल्शियमचा निरोप एका पेशीकडून दुसरीकडे पोचतो आणि एकेक पेशी कोसळते तसा आतला अँथ्रॅनिलेट नावाचा पदार्थ उजळतो. हे सगळं व्हायला तास लागतात. मी तो व्हिडिओ वर्गात दाखवते. मुलं एकदम गप्प होतात, आणि दर वर्षी कोणीतरी विचारतं, मॅम, यात नक्की कधी मेली म्हणायचं? मी सांगते, आपण कुठे रेघ मारायची ते आधी ठरवतो आणि मग सगळ्यांना सारखीच मारतो. विज्ञान म्हणून हे उत्तर बरोबर आहे. आम्हाला तुलना करायची असते, रेघ सारखी असली की झालं. पण रेघ जिथे पडते तिथे कोणीतरी असतं, हे त्या उत्तरात येत नाही.

गुरुवारी विद्यार्थिनी परत आली. मी तिला सगळं सांगितलं, प्लेट दाखवली, म्हटलं, माझी चूक आहे, तुझ्या डेटात आहे. ती म्हणाली, मॅम, होतं असं, माझ्याकडूनही झालंय, मी सांगितलं नव्हतं. मग आम्ही दोघींनी आळीपाळीने बघितलं. तारेऐवजी मी टूथपिकला नवीन केस चिकटवला, भुवईत आता पांढरे जास्त आहेत पण टोक अजून निमुळतंच आहे. डोक्याला लावला. तिने मोठ्याने मोजायला सुरुवात केली. सहाला काही नाही, नऊला काही नाही, अकराला नाकाचं टोक एवढंसं डावीकडे गेलं आणि परत आलं. क वर्ग. विद्यार्थिनी भिंगावरून मान न काढता म्हणाली, आहे. मी तो केस हातात धरून बसले होते आणि माझ्या डोक्यात तो दुसरा सिग्नल होता, आणि जून.

त्या संध्याकाळी बाबांना मी विचारलं, चहा घेणार का अर्धा कप, आणि स्वयंपाकघराकडे न जाता तिथेच उभी राहिले. फार अवघड असतं ते. हात आपोआप काहीतरी आवरायला लागतात, तोंडात पुढचं वाक्य तयार असतं, घेता ना, देते मग. बाबा खिडकीकडे बघत होते. मी मनात मोजत नव्हते असं नाही. मग ते म्हणाले, नको. आणि बऱ्याच वेळाने, तू घे.

शुक्रवारी सकाळी ती वर्म परत तपासली. विद्यार्थिनीने केसाने स्पर्श केला आणि आम्ही पूर्ण एक मिनिट थांबलो, मग शेपटीला, परत एक मिनिट, मग तिने बाजू बदलून नाकाला. मग तारेने. डोक्याच्या बाजूचं शरीर सैल झालं होतं, कडा पुसट व्हायला लागल्या होत्या, आणि तो रात्रीचा चर अजून मागे दिसत होता, बॅक्टेरिया त्यात परत वाढत होते. तिने माझ्याकडे बघितलं. मी अजून एकदा बघितलं आणि मान हलवली.

वहीत खाडाखोड करायची नाही हा आमचा नियम, जुनी नोंद वाचता येईल अशी एकच रेघ मारायची. एकवीसच्या रकान्यातल्या रेघेवर आता एक आडवी रेघ आहे, चोवीसच्या रकान्यात नवीन उभी रेघ आहे, आणि शेजारी समासात तारीख आणि दोघींच्या सह्या.